एअरपोर्टच्या पुढचं बोला!

सध्या इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या कुठल्याही लग्नाच्या पंगतीत बसा. वाढपी जिलेबीचा दुसरा फेरा घेऊन येईपर्यंत दोन विषय हमखास निघतात. पहिला उसाचा दर आणि दुसरा जर्मनी! अमक्याच्या धाकट्याचं विंटर इनटेकचं काम झालं, तमक्याच्या मुलीचं एपीएस सर्टिफिकेट आलं, ब्लॉक्ड अकाउंटला पैसे भरले... आणि मग सगळ्यांच्या माना हळूच तुमच्याकडे वळतात. कारण तुम्ही पुण्यात. हिंजवडीत किंवा खराडीत बसता, गळ्यात आयकार्ड, कंपनीचा क्लायंट फ्रँकफर्टचा. "तू बघ की गं जरा त्याचं," असं मामी म्हणतात आणि तुम्ही "हो, बघते ना" म्हणून मोकळ्या होता.

आता प्रश्न असा, की बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

कारण एअरपोर्टपर्यंतचं सगळ्यांना पाठ आहे. वालचंदनगरच्या कॉलनीतली आठवीतली पोरंसुद्धा सांगतील, की जर्मनीतल्या बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत ट्युशन फी नाही. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही 2024 च्या हिवाळ्यापासून फी लावली. हे पंगतीत कुणी सांगत नाही.) ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, हेही माहीत असतं. कन्सल्टंटचा इंटरेस्ट व्हिसाच्या स्टिकरपर्यंत. नातेवाइकांचा इंटरेस्ट विमानतळावरच्या फोटोपर्यंत. त्या फोटोनंतर दोन वर्षांनी, डिग्री हातात पडल्यावर त्या पोराचं काय होणार, हा विषय कुणाच्याच पॅकेजमध्ये नसतो.

आणि खरा पैसा तर तिथे अडकलेला असतो. घरावर नाहीतर जमिनीवर काढलेलं एज्युकेशन लोन कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात हप्ता मागायला लागतं. हप्ता युरोत कमावला तर चहाच्या खर्चासारखा वाटतो. रुपयात कमावला तर घरातलं वातावरण बदलतं.

जर्मनीच का, याचं उत्तर फार लांबवायची गरज नाही. अमेरिकेनं सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरची फी जाहीर केली. ब्रिटननं डिग्रीनंतर राहायची दोन वर्षांची मुदत 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर आणायचं ठरवलंय. कॅनडानं 2024 पासून स्टुडंट परमिटवर मर्यादा घातली. मग उरलेला रस्ता गर्दीचा होणारच. 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49,483 भारतीय विद्यार्थी होते, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांत पहिला नंबर आपला. त्यानंतर आकडा वाढलाच आहे.

जर्मनीचे नियम कागदावर खरंच चांगले आहेत. डिग्रीनंतर योग्य नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात आणि त्या काळात पोट भरायला कुठलंही काम चालतं. नुकत्याच पास झालेल्यांना ब्लू कार्डसाठी पगाराची अट थोडी सैल आहे, 2026 साठी ती वर्षाला साधारण 45,934 युरो आहे. तिथलीच डिग्री, दोन वर्षं योग्य नोकरी आणि बी-वन पातळीचं जर्मन असेल, तर कायम राहण्याच्या परवान्याचा दरवाजाही उघडतो. एवढं ऐकून घरचे निवांत होतात. अठरा महिने म्हणजे केवढे! पण नोकरी शोधायची सुरुवात त्या अठरा महिन्यांत करणारा पोरगा आधीच उशिरा आलेला असतो. तिथल्या कंपन्या ज्यांना घेतात, त्यातले बरेच जण त्यांनी वर्ष-दीड वर्ष आधीपासून पाहिलेले असतात. आठवड्याचे काही तास काम करणारे, तिथेच थिसिस लिहिणारे.

म्हणून बघायचं ते पहिल्या सेमिस्टरमध्ये. आणि पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे वीस तास.

झालंय असं, की 1 मार्च 2024 पासून आपल्या विद्यार्थ्यांना तिथे वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. आधी हा आकडा 120 आणि 240 होता. कॉलेज चालू असताना व्यवहारात हे आठवड्याला वीस तासांवर येऊन थांबतं. अभ्यासक्रमाचाच भाग असलेली इंटर्नशिप यात धरत नाहीत आणि युनिव्हर्सिटीतच प्रोफेसरच्या हाताखाली केलेलं कामही नाही, ज्याला तिथली पोरं 'हिवी' म्हणतात. आता वीस तास कुठे द्यायचे? पहिल्या महिन्यात रूममेट सांगतो, अमुक ठिकाणी गोदामात पार्सल लावायचं काम आहे, उद्यापासून ये. काम प्रामाणिक आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण त्याचा मोठा गुण एवढाच, की ते लगेच मिळतं आणि जर्मन फारसं बोलावं लागत नाही. पगार म्हणाल तर 2026 मध्ये तासाला किमान 13.90 युरो, आणि कंपनीच्या डिझाइन सेक्शनमध्ये बसणाऱ्या 'वेर्कश्टुडेंट'लाही त्याच्या खाली कुणी देऊ शकत नाही. म्हणजे पैशात तोटा नाही. तोटा होतो तो गोदामातच दोन वर्षं काढली तर. मास्टर्स संपताना हातात चांगले मार्क असतात, थोडे पैसे असतात, आणि सीव्हीवर जर्मनीतला इंजिनिअरिंगचा एकही दिवस नसतो.

इथे घरच्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. पोराला जाऊन दोन महिने झाले, की फोनवर हळूच विचारणा होते, "काही काम-बिम लागलं का? इकडं व्याज चालू आहे." त्या वाक्यात प्रेमही असतं आणि घाईही. पोरगा घाई ऐकतो. तुम्ही पुण्यात बसून काही करणारच असाल, तर मामा-मामींना एवढं समजावा, की पहिले सहा-आठ महिने त्यानं पैसे नाही पाठवले तरी चालतील. ब्लॉक्ड अकाउंटचे महिन्याला 992 युरो त्याला जगायलाच दिलेले आहेत. म्युनिकसारख्या शहरात ते पुरत नाहीत, हे खरं. छोट्या गावात ओढाताण करून भागतं. युनिव्हर्सिटी निवडतानाच हा हिशेब करायला हवा, पण पंगतीत म्युनिकचं वजन जास्त!

आता भाषा. इंग्रजीतून मास्टर्स असतं म्हणून जर्मन लागत नाही, हा कन्सल्टंटचा आवडता डायलॉग. वर्गात नाहीच लागत. कंपनीत लागतं. ए-वन करून गेलेला पोरगा बेकरीत पाव मागू शकतो. मशिनवर काय बिघडलंय हे फोरमनकडून समजून घेऊ शकत नाही. निदान बी-वन करून विमानात बसावं आणि तिथे बी-टूपर्यंत जावं, असं माझं स्पष्ट मत. पुण्यात बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहे. वालचंदनगरहून रोज पुण्याला येणं कुणाला जमणार? पण आता ऑनलाइन बॅच आहेत आणि इंजिनिअरिंगची चार वर्षं आहेत. थर्ड इयरला सुरू केलं तरी आरामात होतं. आपल्याला एक फायदाही आहे बरं का. इंग्रजीवाल्यांना 'झी' आणि 'डू' यांतला फरक कळायला महिने जातात. आपल्याला अहो आणि अरे हे आईच्या मांडीवरच कळलेलं असतं. आपली तीन लिंगं त्यांच्या तीन लिंगांशी जुळत नाहीत, पण निदान ती तीन का असतात म्हणून कुणी रडत बसत नाही.

या भाषेच्या मुद्द्यावर मला नेहमी एक जुना माणूस आठवतो. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे. क्रांतिकारक आणि गदर चळवळीतले म्हणून शाळेच्या पुस्तकात कुठे तरी एका ओळीत भेटतात. पण ते अमेरिकेत ओरेगनला शेतीचं शिक्षण घ्यायला गेलेले विद्यार्थी होते, हे आपण विसरतो. पुढे 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. इंग्रज सरकारला नको असलेला माणूस. मायदेशी परतायची वाट बंद. आणि तिथे ते चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, स्पॅनिशमधून शिकवलं, तिथल्या मक्यावर आणि गव्हावर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शेती शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकारानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात जागा दिली. त्यांच्या वेळेला करिअर सर्व्हिस नव्हती, लिंक्डइन नव्हतं. त्यांनी केलं ते इतकंच, की त्या देशाचं पीक कोणतं ते बघितलं आणि त्या देशाच्या भाषेत त्यावर काम केलं. शंतनुराव किर्लोस्कर 1926 मध्ये एमआयटीतून इंजिनिअर होऊन परत आले तेव्हा त्यांच्यासाठी किर्लोस्करवाडी उभी होती. खानखोज्यांसाठी काहीच उभं नव्हतं. आजच्या लोनवाल्या पोराची परिस्थिती शंतनुरावांपेक्षा खानखोज्यांच्या जवळची आहे.

मग जर्मनीचं आजचं पीक कोणतं? इथे पुण्या-चाकणच्या हवेतल्या पोरांची एक गंमत होते. मेकॅनिकल म्हटलं की त्यांना गाड्याच दिसतात. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, पोर्शे. पोस्टर लावून अभ्यास केलेला असतो. पण तिथल्या गाड्यांच्या धंद्याला सध्या घरघर लागली आहे. झेडएफनं जुलै 2024 मध्ये जर्मनीतल्या 14,000 पर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. फोक्सवॅगननं डिसेंबर 2024 मध्ये युनियनशी करार केला, त्यात 2030 पर्यंत 35,000 जागा जाणार. बॉशनं सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13,000 चा आकडा सांगितला. म्हणजे या दारांपुढे आता तिथलेच अनुभवी लोक उभे आहेत आणि त्यांच्या मागे आपला फ्रेशर.

पण जर्मनी म्हणजे फक्त गाड्या नव्हेत. ओबरकोखेन नावाचं गाव आहे, लोकवस्ती आठेक हजार, आणि तिथे झाइसचं मुख्यालय. हाइडेनहाइमला फोइथ, पाण्याची टर्बाइन बनवणारी कंपनी. एका आडगावात जगातल्या बोगद्यांची यंत्रं बनतात. एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या बनवायची आणि त्यात जगात पहिलं राहायचं, अशा कंपन्यांनी तिथली छोटी गावं भरलेली आहेत. गावाचा सगळा दिनक्रम कारखान्याच्या शिफ्टवर. ओळखीचं वाटतंय ना?

वाटायलाच हवं! वालचंद हिराचंद यांनी नीरेकाठच्या माळावर ऊस आणि साखर आणली आणि पुढे साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारा कारखाना उभा राहिला. चांद्रयान-3 ला 14 जुलै 2023 ला घेऊन उडालेल्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या एस-200 बूस्टरचे भाग याच गावात तयार झाले. या गावात वाढलेल्या पोरानं जाडजूड प्लेट कशी वाकवतात, वेल्डिंग झाल्यावर त्याचा एक्स-रे का काढतात, हे घरातल्या जेवणाच्या गप्पांत ऐकलेलं असतं. आणि हेच पोरगं जर्मनीला जाताना सीव्ही करतं तेव्हा काय लिहितं? 'पॅशनेट अबाउट ऑटोमोटिव्ह इनोव्हेशन.' वालचंदनगरचा व सुद्धा नाही! खेडेगाव वाटेल म्हणून पत्त्यात थेट पुणे टाकलेलं. सुट्टीत सहा आठवडे शॉपवर काढले, तेही नाही. दहावीनंतर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला, तर डिप्लोमा दडवलेला, कारण आपल्याकडे डिप्लोमावाल्याला वर्गात थोडं खाली बघायची रीत. तिथे उलट आहे. हातानं काम शिकलेल्या माणसाला मान आहे, अर्धा देश कारखान्यात शिकत-शिकत मोठा झालेला आहे. डिप्लोमा वर काढा, ठळक करा.

साखरेचंच उदाहरण घ्या. तिथे ऊस नाही, बीट आहे. सप्टेंबरच्या सुमारास बीटचा हंगाम सुरू होतो आणि थंडीत संपतो, कारखाने रात्रंदिवस चालू. त्याला ते 'कंपान्ये' म्हणतात, आपण गळीत हंगाम म्हणतो. ब्राउनश्वाइगला बीएमए नावाची कंपनी 1853 पासून साखर कारखान्यांची यंत्रं बनवते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या टापूत वाढलेल्या, हंगामात ट्रॅक्टरच्या रांगा बघत शाळेत गेलेल्या मेकॅनिकलच्या पोरानं सेंट्रिफ्युगल म्हणजे काय हे सांगायला सुरुवात केली, तर समोरचा जर्मन इंजिनिअर खुर्चीत पुढे सरकून ऐकेल की नाही? मी असं म्हणत नाही की सगळ्यांनी साखरेतच जावं. पण शंभर अर्जांतले नव्वद एकसारखे असताना आपला वेगळा असण्याचं कारण गावातच पडलेलं असेल, तर ते कशाला लपवायचं?

अशा गावांत नोकरीला जायचं तर जर्मन जास्त लागतं, कारण तिथे कँटीनमध्ये कुणी इंग्रजी बोलत नाही. शनिवारी रात्री करायला काही नसतं. मराठी मंडळाचा गणपती ट्रेननं दोन तास लांब. हा भाग गोड नाही, आणि तो आधीच माहीत असलेला बरा. पण कारखान्याच्या गावात बालपण काढलेल्याला हे कोथरूडच्या पोरापेक्षा सोपं जातं, असा माझा अंदाज आहे. (कोथरूडकरांनी पत्रं पाठवावीत.)

आणि जाण्याआधीची एक कागदी गोष्ट, जी तुम्ही पुण्यात बसून अगदी सहज करून देऊ शकता. आपल्याकडे इंटर्नशिपचं सर्टिफिकेट म्हणजे तीन ओळी. अमुक यांनी अमुक ते अमुक काळात ट्रेनिंग केलं, वागणूक चांगली होती, शुभेच्छा. जर्मनीत नोकरी सोडतानाचं प्रशस्तिपत्र पानभर असतं. कोणतं काम दिलं, कोणती यंत्रं हाताळली, कसं केलं, सगळं त्यात येतं आणि वाचणारा प्रत्येक शब्द तोलतो. तेव्हा ट्रेनिंग संपायच्या आठवडाभर आधी साहेबांना नम्रपणे विचारून नीट पानभराचं पत्र घ्यायचं. ते कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. जमलं तर ट्रेनिंगच पुण्यातल्या एखाद्या जर्मन कंपनीत मिळतंय का बघायचं. पिंपरीत केएसबीचे पंप बनतात, तळेगावला शेफलर आहे, इंडो-जर्मन चेंबरचं ऑफिस पुण्यात आहे. तुमची तिथे ओळख निघाली तर ती मामेभावासाठी वापरा, खुशाल. आपण काय चोरी करतोय?

तिकडे गेल्यावर मदत करणारं कुणी असतं का? असतं, आणि फुकट असतं. प्रत्येक मोठ्या युनिव्हर्सिटीत करिअर सर्व्हिस नावाचा विभाग आहे. सीव्ही तपासून देतात, मॉक इंटरव्ह्यू घेतात, कंपन्यांचे मेळावे भरवतात. परदेशी पोरं शिकतात आणि निघून जातात, हे जर्मनीला परवडेनासं झालंय, म्हणून डीएएडीनं 2024 पासून युनिव्हर्सिट्यांना खास पैसे द्यायला सुरुवात केली. परदेशी विद्यार्थ्यांना शिकतानाच तिथल्या नोकरीच्या बाजारासाठी तयार करायचं, हाच त्याचा उद्देश. म्हणजे सरकार आमंत्रण घेऊन उभं आहे. पण आपली पोरं तिथे जातात कधी? थिसिस जमा केल्यावर. कारण कॉलेजातलं 'प्लेसमेंट सेल' डोक्यात बसलेलं असतं. लास्ट इयरला कंपन्या आपणहून येणार, बसून टेस्ट द्यायची, नाव लागणार. तिथे कुणी येत नाही. तिथे आपण जायचं, नाव सांगायचं, हात मिळवायचा आणि 'सर' न म्हणता आडनावानं हाक मारायची. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जातं. ज्याला जन्मभर गुरुजी, साहेब, सर म्हणायची सवय, तो 'हेर म्युलर' म्हणताना अर्धा सेकंद अडखळतोच. आणि हेर म्युलर तोंडावर सांगतात, की हे ड्रॉइंग चुकलंय. त्यात राग नसतो, अपमान नसतो, पाच मिनिटांनी ते कॉफी विचारतात. फोनवर तुमचा भाऊ पडलेल्या आवाजात बोलला, तर आधी हे विचारा, की ड्रॉइंग चुकलं होतं का खरंच?

तर मामींनी विचारलं होतं ते हे. जायच्या आधी जर्मन बी-वन, पानभराचं पत्र आणि सीव्हीवर वालचंदनगर. गेल्यावर पहिल्याच महिन्यात करिअर सर्व्हिसचा दरवाजा. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत गोदामाऐवजी हिवी किंवा वेर्कश्टुडेंट. आणि थिसिस शक्यतो कंपनीत. विषय ठरवायला आणि करार व्हायला तीन-चार महिने सहज जातात, म्हणून ते तिसऱ्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच बोलायचं. विंटर इनटेकची पोरं ऑक्टोबरला वर्गात बसतात. त्यांच्या युनिव्हर्सिटीचा पुढचा कंपनी मेळावा कधी आहे, हे वेबसाइटवर आजच दिसतं. तारीख काढा आणि फॅमिली ग्रुपवर टाका, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्ये कुठे तरी.